लेउताचे गुडघे आणि पाहुण्यांची सुई

लेउतासमोर ठेवलेली कुठलीही भेट लहान राहत नसे. कुणी टोपलीभर अळकुड्या आणि एखादं खंगलेलं डुक्कर घेऊन आलं, तरी हा बाहेर मैदानात उभा राही, काठी मातीत रोवी, काथ्याची चवरी खांद्यावर टाकी आणि असा पुकारा करी की त्या डुकराचा बैल होई आणि अळकुड्यांचा डोंगर. आणणारे माना खाली घालून बसत. घरी गेल्यावर बायकोला म्हणत, "एवढं बोलला तो. आता पुढच्या खेपेला दोन डुकरं तरी न्यायला हवीत." आणि खरोखरच नेत. दक्षिण समुद्रातल्या आमच्या सावाई बेटावर गावोगाव असे बोलणारे आहेत, पण भेटीला इतकं फुगवणारा दुसरा नव्हता असं आम्ही म्हणतो. आम्ही त्याच्याच गावचे, तेव्हा आमच्या म्हणण्यातलं थोडं सोडून द्यायला हरकत नाही.

लेउता ही त्याची पदवी. जन्माचं नाव पेनिएली, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. पदवी बापाकडून आली. तिच्याबरोबर बैठकीच्या घरातला पुढच्या बाजूचा, टेकून बसायचा मानाचा एक खांब आला, आणि मुखिया ओलोमालूच्या वतीनं बोलायचा हक्क आला. मुखिया स्वतः बोलत नाही. तो बसतो, ऐकतो, फार तर पापणी हलवतो. बोलायचं ते लेउतानं. ओलोमालूला मुखियापद मिळालं त्या दिवशी लेउताचा बाप बोलला होता. त्यातली वाक्यं म्हातारी माणसं अजून घोळवून घोळवून म्हणत. आता ओलोमालू थकला होता आणि पुढच्या वर्षी पद पुतण्याला द्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी मैदानात उभं राहून बोलायचं, एवढी एकच इच्छा लेउताला उरली होती. ती तो लपवतही नसे.

आड आले ते गुडघे.

बोलायला गुडघे कशाला लागतात, असं बाहेरचा कुणीही विचारील. आमच्याकडे लागतात. बैठकीत खांबाला पाठ टेकून मांडी घालायची, आणि आवाचा, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या मानाच्या पेयाचा, पेला सगळ्यांमध्ये फिरून होईपर्यंत, कोण बोलणार यावरून वक्त्यांचं आपापसात गोड गोड भांडण होईपर्यंत ती मोडायची नाही. पाय पसरून समोरच्याला तळवे दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हाताऱ्याकोताऱ्यानं पाय लांब केलेच, तर वर चटई ओढून घ्यायची. त्याला कुणी नावं ठेवत नाही, पण आमच्या गावात चटईखाली पाय घातलेल्याला बोलायलाही कुणी सांगत नाही. त्यानं ऐकायचं. आणि बाहेर मैदानात बोलायची वेळ आली, तर उन्हात ताठ उभं राहायचं, भाषण संपेपर्यंत.

लेउताची मांडी पोरवयापासून खडीवर अंथरलेल्या चटईवर घासत आली होती. आता ती घालताना असा आवाज होई की शेजारचा माणूस वळून बघे. पहाटे तो समुद्रात छातीभर पाण्यात जाऊन उभा राही, कारण तिथं गुडघ्यांना अंगाचा भार कळत नसे. रविवारी देवळात बाकं असतात म्हणून तो सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा प्रार्थनेला जाई, आणि पाद्रीबुवांना वाटे की म्हातारपणी ह्याची भक्ती वाढली.

सगळ्यांना दिसत होतं. साऊवाओला तर जरा जास्तच दिसत होतं. साऊवाओ म्हणजे लेउताच्या शेजारच्या खांबाचा वक्ता, वयानं पुष्कळ लहान, आवाज खणखणीत, गुडघे नवे कोरे. एकदा भर बैठकीत तो हळूच म्हणाला, "काका, चटई मागवू का? मऊ आहे, आमच्या हिनं विणलेली."

"मागव की," लेउता म्हणाला. "तुझी जीभ झाकायला कामाला येईल."

बैठक हसली. लेउताही हसला. घरी आल्यावर मात्र बायको मोएलांगी खोबरेल चोळत असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. "हळू चोळ," एवढंच तो म्हणत राहिला. ती चोळत नव्हतीच, नुसता हात ठेवून बसली होती.

अशात न्यूझीलंडहून गुडघ्याचे डॉक्टर येणार अशी बातमी आली. बेटावरच्या इस्पितळात ते आले, आणि लेउताही गेला. मोठ्या डॉक्टरचं नाव विटकम. उंच, लाल मानेचा, मनानं चांगला माणूस. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणीतरी त्याला शिव्या द्यायला लागेल. त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगायला आमच्याच गावची नर्स होती, फेतू.

"तुमच्या गुडघ्यातली गादी झिजली आहे, हाडावर हाड घासतंय," फेतू म्हणाली. "डॉक्टरांकडे तीन प्रकारची इंजेक्शनं आहेत. एक स्टेरॉईडचं. त्यानं सूज लगेच उतरते, पण फार टिकत नाही. दुसरं जेलचं, सांध्यात वंगण घातल्यासारखं. ते उशिरा लागू पडतं, आणि कुणाला पडतं, कुणाला नाही. तिसऱ्यात तुमचंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्यातला पिवळा भाग गुडघ्यात सोडायचा. त्याचं म्हणाल तर अजून डॉक्टरांमध्येच वाद आहेत. तिन्ही एकामागून एक देऊन बघायची, मध्ये काही महिने सोडून. आपल्या लोकांना कुठलं मानवतं ते त्यांना ताडून बघायचंय. आणि ज्यांना कशानंच गुण येणार नाही, त्यांच्यातल्या दोघांना ऑकलंडला नेऊन नवा सांधा बसवतील. खर्च सगळा त्यांचा."

यातलं लेउतानं काय ऐकलं, तर नवा सांधा.

त्या दिवशी रांगेत सेफुलू म्हातारीही होती. आयुष्यभर बसून बारीक चटया विणल्यानं तिचेही गुडघे गेले होते. बाईच्या जिभेला हाड नव्हतं. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं तर ती जागेवरून ओरडायची, "नीरफणस करपतोय हो घरी!" लोक तिला अर्धवट समजत, आणि त्यामुळे तिला सगळं माफ होतं.

संध्याकाळी मोएलांगी म्हणाली, "सोपं आहे की मग. दुखतंय म्हणून सरळ सांगा. ते नेतील."

"भिकाऱ्यासारखं?" लेउता म्हणाला. "अगं, माणूस समुद्र ओलांडून भेट घेऊन आलाय. त्याच्या तोंडावर म्हणू, की तुझी भेट कुचकामी आहे?"

"भेट कसली? औषध आहे ते."

"कुणी दिलं की ती भेटच. तुला ह्यातलं कळत नाही. भेटीची आधी थोरवी गायची. इतकी गायची, की देणाऱ्याला आपलं देणं थिटं वाटलं पाहिजे. मग तो आपणहून मोठं आणतो. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय?"

"ते आपल्या लोकांत."

"माणूस सगळीकडे सारखाच," लेउता म्हणाला. गाव सोडून तो फारसा कुठं गेलेला नव्हता.

पहिली सुई स्टेरॉईडची. तिनं खरंच कमाल केली. आठवड्याभरात लेउता अख्ख्या बैठकीला मांडी घालून बसला, आणि साऊवाओला चटईची आठवण झाली नाही. पण पुढच्या महिन्यातच ठणका परत आला, आणि डॉक्टर पुन्हा आले तोवर पहिल्याहून वाढला होता. लेउता दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून इस्पितळाच्या पायऱ्या चढला. दाराशी आल्यावर मात्र त्यानं हात काढून घेतले आणि एकटा आत गेला.

"कसं आहे आता?" डॉक्टरनं विचारलं.

लेउतानं घसा साफ केला. "सूर्य उगवल्यावर, अंधार कुठे गेला असं कुणी विचारतं का? तुमची सुई आली आणि दुखणं पळालं, ते डोंगराच्या मागे जाऊन लपलं. धन्य ते हात, धन्य ती बोट जिनं ते हात आणले!"

फेतूनं पायऱ्यांवरचं सगळं खिडकीतून पाहिलं होतं. पण पदवीधारी माणूस, बापाच्या वयाचा, पाहुण्यांसमोर बोलतोय. त्याला मध्येच कसं तोडायचं? तिनं डॉक्टरला सांगितलं, "दुखणं गेलं म्हणतात."

"शून्य ते दहामध्ये किती दुखतं, तेवढं विचार."

"शून्य," लेउता म्हणाला. "शून्याच्या खाली काही असेल तर ते."

त्याच्यामागून सेफुलू आत गेली. तिचा आवाज पार बाहेरच्या आंब्याखाली ऐकू आला. "दहा! दहाच्या पुढं मोजता येतं ना तुम्हाला? मग अकरा! पहिले काही दिवस नाचले मी, आणि आता परसाकडे रांगत जाते. सुई होती का थट्टा होती?"

बाहेर बसलेल्या बायकांनी लाजून तोंडावर पदर घ्यावा तसे पंखे धरले. पाहुण्याला असं बोलायचं! लेउतानं तिच्या वतीनं डॉक्टरची माफीसुद्धा मागितली.

दुसरी सुई जेलची. असलं जेल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, असं फेतू कधीतरी बोलून गेली आणि ते गावभर झालं. लेउताला तिचा काडीचा उपयोग झाला नाही. सेफुलूलाही नाही. "कोंबडा घातला म्हणे गुडघ्यात," ती डॉक्टरला म्हणाली, "पण मेला आरवला काही नाही." लेउतानं त्याच दिवशी, त्याच खोलीत, आपला मुकुट उतरवून परक्या माणसाच्या गुडघ्यात ठेवणाऱ्या त्या उदार कोंबड्याचं असं गुणगान केलं की डॉक्टर विटकमनं ते दोनदा सांगायला लावलं. शून्य, म्हणाला लेउता. पुन्हा शून्य.

तिसरी रक्ताची. ती टोचताना लेउताला घाम फुटला, आणि पुढं किती तरी दिवस गुडघा नारळाएवढा होऊन बसला. सूज उतरली, ठणका तसाच राहिला. मोएलांगी चिडून म्हणाली, "आता तरी बोला हो. शेवटची खेप आहे त्यांची."

"शेवटची आहे म्हणूनच," लेउता म्हणाला. "ती पेटीतली चटई काढ."

ती चटई मोएलांगीच्या आईनं विणलेली. कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं. घरात तिच्याहून मोलाची वस्तू नव्हती. लेउतानं ती डॉक्टरच्या हातावर ठेवली तेव्हा डॉक्टरनं ती छातीशी धरली. इकडे लेउता मनात म्हणत होता, झालं. आता ह्याच्यावर इतकं ओझं आलंय, की नवा सांधा दिल्याशिवाय ह्याला झोप लागायची नाही. डॉक्टर मनात काय म्हणत होता ते सरळ होतं. पूर्ण बरा झालेला माणूसच इतकं देईल, असं त्याला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टर मंडळी गावात आली. बैठकीच्या घरात आवा झाला. डॉक्टर विटकमला मांडी जमेना, तेव्हा त्याचे लांबलचक पाय चटईनं झाकले. लेउता आपल्या खांबाला टेकून मांडी घालून बसला होता, आणि कपाळावरची शीर तडतड उडत होती. ओलोमालू टोकाच्या, मुखियाच्या खांबाशी डोळे अर्धे मिटून बसला होता. बायका मागं, कडेला. मोएलांगी नवऱ्याच्या पाठीशीच बसली होती.

डॉक्टर बोलला, फेतूनं सांगितलं. पहिल्या दोन इंजेक्शनांचं कमी-जास्त झालं. तिसऱ्याबद्दल आम्हाला शंका होती, पण इथं एका माणसानं चटई देऊन तीही दूर केली. "लेउता यांच्या गुडघ्याचा एक्स-रे सगळ्यांत वाईट होता," डॉक्टर म्हणाला. "खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी मी ठरवलं होतं, की ऑपरेशनला न्यायचं तर आधी ह्यांना. पण दुखत नसलेला गुडघा आम्ही कापत नाही. ह्यांचं नशीब मोठं, ह्यांना त्याची गरजच उरली नाही." मग त्यानं दोन नावं सांगितली. पलीकडच्या गावचा एक मासेमार, आणि सेफुलू.

डॉक्टर आणि त्याची माणसं सोडली तर तिथं असा एकही जण नव्हता ज्याला खरं माहीत नव्हतं. साऊवाओसुद्धा खाली चटईकडे बघत राहिला.

पाहुणा बोलला की उत्तर द्यावं लागतं. ते द्यायचं काम लेउताचं. ओलोमालूची पापणी हलली.

"आता तरी सांगा," मोएलांगी मागून कुजबुजली. "पाया पडते तुमच्या."

फेतू पुढं वाकली. "काका, तुम्ही जे बोलाल ते मी जसंच्या तसं सांगेन. काहीही बोला. अजून वेळ गेलेली नाही."

लेउता खांबाला धरून उठला. आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला. काठी घेतली, चवरी घेतली, आणि दुपारच्या उन्हात मैदानात जाऊन उभा राहिला. बिनभिंतीच्या त्या घरातून सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. त्यानं काठी रोवली, आणि तो थांबला. एवढा वेळ थांबला की साऊवाओनं, म्हातारा कोसळला तर धावावं म्हणून, एक पाय मांडीतून मोकळा करून ठेवला. त्या वेळात लेउताच्या तोंडापर्यंत काय काय आलं असेल! दुखतंय. मला न्या. मी खोटं बोललो. हे शब्द लहान पोरालाही येतात. ते त्याच्या जिभेवरून कधी गेलेच नव्हते.

"ऐका!" तो शेवटी म्हणाला, आणि आवाज असा लागला की पलीकडच्या घरांतली माणसंही बाहेर आली. "समुद्रानं आजवर आम्हाला मासे दिले, वादळं दिली, आणि आमची पोरं परदेशी नेली. पण आज त्यानं काय आणून दिलं ते बघा! तीन सुया. तीन नाहीत, तीन भाले, आणि प्रत्येक भाल्याच्या टोकाला दया! ज्या हातांनी आमच्या म्हाताऱ्यांना पुन्हा पायावर उभं केलं, त्या हातांना द्यायला आमच्या डोंगरात लाकूड नाही, आमच्या पाण्यात मोती नाही..."

तो बोलत राहिला. सेफुलूच्या नव्या गुडघ्याला त्यानं आशीर्वाद दिले, मासेमाराच्या होडीला दिले, डॉक्टरच्या आईला दिले. इतकं सुंदर तो कधी बोलला नव्हता, आणि हे आम्ही गावचे म्हणून म्हणत नाही. डॉक्टर विटकमनं ते सगळं फोनमध्ये धरून ठेवलं आणि डोळे पुसले. मग पाहुणे गाडीत बसले, हात हलवले, गेले. गाडी वळणाआड होईपर्यंत लेउता उभाच होता. नंतरही उभा राहिला, कारण गुडघे वाकेनात.

साऊवाओ धावत आला. त्यानं आणि आणखी एकानं त्याला उचलून घरी आणलं. चटईवर ठेवताना साऊवाओ म्हणाला, "काका, असं भाषण मला जन्मात जमायचं नाही." ह्या वेळी त्यात टोमणा नव्हता, आणि तेच लेउताला जास्त लागलं.

थोड्या वेळानं सेफुलू आली. दारातूनच बोलली. "मेल्या, माझा गुडघा तुझ्याहून बरा आहे. तुझी जागा मी खाल्ली हे मलाही कळतंय. पण मी परत करणार नाही, सांगून ठेवते. मी बोंबलले, तू गायलास." आणि लंगडत निघून गेली.

मोएलांगीनं तेलाची बाटली आपटली. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "आईची चटई गेली. पाय गेले. पुतण्याच्या पदवीला आता तो कालचा पोरगा बोलणार, आणि तुम्ही पायांवर चटई घेऊन बसणार. कुणी केलं हे? डॉक्टरनं? तुम्ही केलं! एकदा, जन्मात एकदा खरं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"पाहुण्यांसमोर?" लेउतानं विचारलं. तो वाद घालत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, की कसं बोलायचं असतं ते.

मोएलांगीनं तेल हातावर घेतलं आणि तसाच हात धरून बसली. मग खाली बघत म्हणाली, "सकाळी फेतू आली होती चुलीपाशी. म्हणाली, काकू, काकांचं खरं काय आहे ते तुम्ही मला सांगा, मी डॉक्टरांच्या कानावर घालते. डॉक्टर मागेच उभा होता, हसत."

"मग? तू काय म्हणालीस?"

"देवाच्या कृपेनं उत्तम आहे, म्हणाले मी."

लेउतानं पाय लांब केले आणि बाजूची चटई स्वतःच ओढून त्यांच्यावर घेतली.

"बरोबर बोललीस," तो म्हणाला.